तीनशे लिटरचा समुद्र

सोमवार. सकाळचे साडेनऊ. टीम मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं, हातात मशीनची ती कडू कॉफी आणि मोबाइलवर बाबांचा फोटो. फोटोत एक छोटी काचेची नळी, नळीत पिवळं पाणी. खाली एकच ओळ : 'आज बी पिवळं. जमलं वाटते.'

शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण सवयीने डोकावली आणि तिचा चेहरा पडला. "अगं, कसली टेस्ट ही? बाबा बरे आहेत ना?"

बाबा ठणठणीत आहेत. टेस्ट त्यांची नाही, त्यांच्या माशांची आहे!

तर आज सांगते ती स्टोरी. आधीच सांगून ठेवते, हा छंद जाम खर्चिक आहे, जाम वेळखाऊ आहे, आणि एकदा लागला की सुटत नाही. वाचून कुणी टाकी आणायला धावलात तर मला शिव्या द्यायच्या नाहीत.

माझं गाव कुडवा. नाव ऐकलेलं नसणारच. गोंदियाला इतकं खेटून आहे की गोंदिया कुठे संपतं आणि कुडवा कुठे सुरू होतं, हे फक्त ऑटोवाल्यांना कळतं, तेही भाडं ठरवताना. पुण्याहून जायचं तर महाराष्ट्र एक्स्प्रेस. ती कोल्हापूरहून निघते आणि गोंदियाला थांबते. कारण सिंपल आहे, त्यापुढे थोड्याच वेळात महाराष्ट्रच संपतो. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने यायचं म्हटलं तर साडेनऊशे किलोमीटरच्या वर. खरं तर नकाशावर फूटपट्टी ठेवली तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर आम्हाला जवळ. पण तोही सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या वरच. थोडक्यात, समुद्र आमच्यासाठी शाळेच्या सहलीत बघायची गोष्ट.

पाण्याचं मात्र आम्हाला कौतुक सांगू नका. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख. गावागावात जुने मालगुजारी तलाव आहेत. नवेगावबांधचा तो अफाट तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. रोहू, कटला, मरळ ही नावं आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ. म्हणजे हा सगळा गोड्या पाण्याचा कारभार. अशा जिल्ह्यात, कुडव्यात, आमच्या हॉलमध्ये खारं पाणी आलं ते माझ्यामुळे.

२०२१. वर्क फ्रॉम होमचा काळ. पुण्यातला फ्लॅट सोडून मी गावी बसले होते. सकाळी लॅपटॉप, दुपारी लॅपटॉप, रात्री लॅपटॉपवरच सिनेमा. डोक्याचा पार भुगा झाला होता. तेव्हा ही सत्तर लिटरची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद. त्यात दोन क्लाउनफिश (हो, तेच, 'फाइंडिंग निमो'वाले) आणि वाळूत तोंड खुपसून बसणारा एक छोटा गोबी. क्लाउनफिश मुद्दाम हॅचरीत जन्मलेले घेतले. समुद्रातून पकडून आणलेले नाहीत. आपल्याकडे आता हे मासे कृत्रिम पैदाशीने मिळतात, ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची हॅचरी उभी राहिली आहे. तेव्हा पकडलेला मासा घ्यायला काही एक्स्क्यूज नाही, बॉस.

मग २०२३ मध्ये ऑफिसने 'या परत' म्हटलं. टाकी काही ट्रेनच्या बर्थखाली मावत नाही. बाबा म्हणाले, "राहू दे. मी पाहतो."

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाल्यापासून त्यांना वहीत टेबलं आखायला काही मिळत नव्हतं. आता मिळालं! तारीख, तापमान, खारटपणा, शेरा. शेऱ्यात 'मादीने नराला ढकलले' असल्या नोंदी. (क्लाउनफिशमध्ये सगळे आधी नर असतात. जोडीतला मोठा आणि दांडगा असतो तो मादी होतो. ही गोष्ट बाबांनी आईला सांगितली तेव्हा आई नुसतं "असं का?" म्हणाली आणि पोळी लाटत राहिली.)

टाकीची पाण्याची पातळी दाखवायला काचेवर बाहेरून आईची टिकली चिकटवलेली. पाणी रोज उडतं, पण मीठ उडत नाही. म्हणजे टाकीतलं पाणी कमी झालं की उरलेलं जास्त खारट होतं. म्हणून रोज सकाळी टिकलीपर्यंत साधं, शुद्ध पाणी भरायचं. खारं नाही, साधं! नवशिके नेमके इथेच फसतात. मीही फसले होते. बाबा नाही फसले. त्यांनी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं, 'मीठ स्थिर, पाणी बदलते.'

आता मुद्द्याचं. मागच्या उन्हाळ्यात रायपूरला मावशीच्या मुलाचं लग्न होतं. तीन दिवसांचा प्रोग्रॅम. आई-बाबा एका रात्रीत परत आले. का? तर टाकी! मे महिना, आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात, टाकीतून दिवसाला दीड-दोन लिटर पाणी उडतंय. सत्तरातले दोन लिटर म्हणजे जवळपास तीन टक्के. दोन दिवस कुणी पाणी घातलं नाही तर काय होईल, याचं बाबांनी लग्नाच्या मांडवात बसून त्रैराशिक मांडलं आणि रात्रीची गाडी पकडली. आई मला फोनवर काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, "जेवण छान होतं म्हणे दुसऱ्या दिवशीचं."

ते 'म्हणे' मला झोंबलं. छंद माझा आणि रजा त्यांची बंद!

म्हणून ठरवलं, मोठी टाकी घ्यायची. मोठ्या पाण्यात सगळं हळू बदलतं, हा या छंदातला बेसिक फंडा. तापमान हळू चढतं, एखादा मासा मेला तरी विष पातळ होतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, एकवीस इंच उंच. हिशेबाने साधारण तीनशे लिटर. मी बाबांना फोनवर ऐटीत सांगितलं, "आता पाणी उडायचं टेन्शन चौपट कमी!"

पलीकडे दोन मिनिटं शांतता. पेन्सिलचा आवाज. मग, "नाही बेटा. पाणी चौपट, पण टाकीचं तोंड बी तिप्पट झालं. उडनारं पाणी तिप्पट. फायदा दीडपट बी नाही."

गणिताच्या मास्तरांपुढे ऐट करू नये.

तेव्हा नुसती मोठी टाकी पुरेशी नव्हती. खरा उपाय होता टाकीखाली. मोठ्या टाकीला मोठा स्टॅण्ड येतो, स्टॅण्डच्या पोटात चाळीस लिटरचा साध्या पाण्याचा डबा बसतो, आणि डब्यातला छोटा पंप फ्लोट स्विचच्या इशाऱ्यावर वर पाणी चढवतो. पातळी जरा खाली गेली की पंप चालू, टिकलीला पोचली की बंद. ओव्हरहेड टाकीच्या ऑटोमॅटिक पंपासारखंच, फक्त भावलीच्या साइजचं.

दिवाळीत चार दिवसांची सुट्टी टाकून गेले. टाकी, स्टॅण्ड, पंप, मीठ सगळं मिळून एका चांगल्यापैकी फोनचे पैसे गेले. माझा फोन अजून जुनाच आहे.

पहिला प्रश्न : ठेवायची कुठे? मला वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत हवी होती. पण जरा वजन बघा. बारा एमएमची काच, म्हणजे नुसती रिकामी टाकीच सत्तर किलोच्या आसपास. पाणी, दगड, वाळू, स्टॅण्ड धरून साडेचारशे किलो. सहा धडधाकट माणसं सहा चौरस फुटांत रात्रंदिवस उभी आहेत, अशी कल्पना करा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर हा विचार आधी करावा आणि जाणकाराला विचारून, बीमच्या अंगाने, भिंतीला लावूनच ठेवावी. आम्ही मुकाट खाली हॉलमध्ये आणली. खिडकीपासून दूर, कारण ऊन आलं की शेवाळं आलं. कूलरपासूनही दूर. याचं कारण मजेशीर आहे. उन्हाळ्यात टाकीवर छोटे पंखे लावले की पाणी उडतं आणि टाकी दोन-तीन डिग्रीने थंड होते. पण खोलीत वाळ्याचा कूलर घोंघावत असेल तर हवाच ओली, मग पाणी उडणार कसं? आई-बाबांना थंडावा की माशांना, असा पेच पडतो. त्यावर चिलर हे उत्तर आहे, आणि चिलरची किंमत ऐकून बाबांनी वहीच मिटली होती. (शेवटी घेतला. मी. ईएमआयवर.)

दुसरा प्रश्न : फरशी. बघायला सपाट, पण आपल्याकडे फरशीला ढाळ असतो, पाणी मोरीकडे जावं म्हणून. शेजारच्या कामावरचे गवंडीकाका बोलावले. त्यांनी पारदर्शक पाइपमध्ये पाणी भरून दोन टोकांना धरलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, चार फुटांत सहा एमएमचा उतार आहे. म्हणजे टाकी भरली की सगळा भार एका कोपऱ्यावर, आणि कधीतरी रात्री तीन वाजता काचेचा जोड सुटणार. स्टॅण्डच्या पायांखाली पट्ट्या सरकवून लेव्हल केली. वर थर्माकोलची शीट, त्यावर टाकी. दोन दिवस नळाचं साधं पाणी भरून ठेवली. गळते का बघायला. नाही गळली. पाणी उपसून बागेत घातलं.

मग खरं पाणी.

बोअरचं पाणी चालत नाही. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस सहाशेच्या घरात, त्यात काय काय विरघळलंय कुणास ठाऊक. म्हणून आरओ. स्वयंपाकघरातला आरओ तासाला बारा-तेरा लिटर देतो. म्हणजे २६० लिटरला (दगड आणि वाळू जागा खातात, तीनशे पुरते कधी भरतच नाहीत) वीस-बावीस तास. त्यात घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, ती आधी बंद करावी लागते. पुढे रेझिनची एक नळी जोडली की मीटरवर शून्य. दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात पाइप, बादल्या, निळा ड्रम. आरओमधून वाया जाणारं पाणी आईने एक थेंब सोडलं नाही. फरशी, अंगण, संडास, स्कूटर सगळं त्यात धुऊन निघालं.

"आता मीठ टाक," बाबा म्हणाले. "किती?"

"दहा किलो."

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "खडे मीठ आणू की बारीक?"

सॉलिड प्रश्न! उत्तर असं, की समुद्राचं पाणी म्हणजे पाणी अधिक मीठ नव्हे. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड मोठ्या हिश्शाचे, पण लिटरमागे साधारण १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० च्या आसपास कॅल्शियम, तितकंच पोटॅशियम, शिवाय सल्फेट, बायकार्बोनेट अशी सगळी मंडळी ठरावीक प्रमाणात लागतात. म्हणून तयार मिश्रण मिळतं, ते घ्यायचं. ही आयडिया काही आजची नाही. 'ॲक्वेरियम' हा शब्द ज्याने रूढ केला त्या फिलिप गॉस नावाच्या इंग्रजाने १८५० च्या दशकातच लंडनमध्ये क्षार मिसळून समुद्राचं पाणी तयार करायची कृती छापली होती. आपल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाची गोष्ट वेगळी. १९५१ मध्ये ते उघडलं तेच मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या तोंडावर. समुद्र रस्त्यापलीकडे, मग काय टेन्शन? आम्हाला मात्र गॉससाहेबांच्याच वाटेने जाणं भाग होतं.

एक टिप लिहून ठेवा. मिठावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात मीठ टाकायचं. आणि थोडं थोडं, पंप चालू ठेवून. उलटं केलं की आधी अतिशय घट्ट द्रावण होतं, त्यात कॅल्शियम बाहेर पडून पाणी दुधी होतं, आणि मग ते परत विरघळता विरघळत नाही. एरवी टाकीत मासे असताना त्यातच मीठ टाकणं म्हणजे पाप. वेगळ्या ड्रममध्ये दिवसभर फिरवून मगच घालतात. पण टाकी नवी, रिकामी, म्हणून आम्ही टाकीतच केलं. बाबा वाटीने मीठ सोडतायत, मी रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून खिडकीकडे बघतेय. १.०१८... १.०२१... १.०२४... सकाळपर्यंत पंप चालवला आणि मग १.०२५ वर काटा थांबला. पाणी काचेसारखं स्वच्छ. बाबांनी बोट बुडवून चाखलं. तोंड वाकडं केलं. "जुहूच." कधीतरी एकोणीसशे ब्याऐंशीत ते मुंबईला गेले होते, तेवढाच त्यांचा अनुभव.

दगडांचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे लोक चुकतात, आणि ही चूक नुसती पैशांची नाही. खाऱ्या टाकीत दगड शोभेला नसतात, ते तिचं फिल्टर असतं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विष. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू पाण्यात फार नसतात, ते राहतात दगडाच्या छिद्रांत. म्हणून परदेशात समुद्रातून काढलेले 'लाइव्ह रॉक' वापरायची फॅशन होती. मी पहिली टाकी करताना एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने मलाही काउंटरखालून असे दगड दाखवले होते. "मॅडम, ओरिजनल आहे." ओरिजनल होतेच, तोच तर लफडा! ते दगड म्हणजे प्रवाळाचे सांगाडे. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. वाघाचं कातडं हॉलमध्ये टांगण्यासारखंच हे. म्हणून आमच्याकडे सिरॅमिकचे सच्छिद्र दगड, आधीचे जुने आणि नवे वीस-बावीस किलो. दगड आधी, थेट तळावर, घट्ट बसवून. वाळू नंतर. उलटं केलं तर गोबी वाळू उकरतो आणि वरचा दगड त्याच्याच डोक्यात पडतो.

मग सुरू झालं पाच आठवड्यांचं वाट बघणं. टाकीत मासा नाही. लॅबमधून आणलेला अमोनियम क्लोराइड (म्हणजे आपला नवसागरच, पण शुद्ध) चिमूटभर टाकायचा, जिवाणूंना खायला. वर बाटलीतले जिवाणू, आणि जुन्या टाकीतला एक वाटीएवढा दगड, विरजण म्हणून. मी पुण्यात. बाबा रोज सकाळी नळीत पाणी घेऊन, थेंब टाकून, फोटो पाठवायचे. अमोनियाची टेस्ट हिरवी म्हणजे विष, पिवळी म्हणजे पास. तेरा दिवस हिरवं. मग पोपटी. मग पिवळं, पण आता नायट्राइट वर. मग तेही खाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांचा मेसेज आला : 'संध्याकाळी नवसागर टाकला, सकाळी साफ. मासे हलवायला हरकत नाही. रजा टाक.'

टाकली. आणि इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे झालं होतं. इथून पुढे मी माती खाल्ली.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. जुन्या टाकीतलं वरचं स्वच्छ पाणी आधी ड्रममध्ये काढलं. मी ते मोरीत सोडणार होते, आई आडवी आली. "एवढं मीठ घातलेलं पाणी कायले फेकता? राहू दे ना एक-दोन दिवस." बरं, म्हटलं. मग जुने दगड ओलेच नव्या टाकीत. तळाशी चार बोटं पाणी उरल्यावर मासे आपोआप हातात येतात, जाळीने पाठलाग करावा लागत नाही. तासभर थेंबथेंब नवं पाणी मिसळून त्यांना सवय केली. दुपारी चारला सोडले. मादी सरळ मधल्या कमानीखाली गेली, नर तिच्या मागे. गोबी गायब. आई म्हणाली, "केवढं मोठं घर झालं बाई त्यायचं!" बाबांनी वहीत वेळ लिहिली.

आणि मग मला हुशारी सुचली. जुनी वाळू उरली होती. चार वर्षांची. तिच्यात किती जिवाणू असतील! फेकायची कशाला? ट्रेने उचलून नव्या टाकीच्या कोपऱ्यात पसरली. एक तपकिरी ढग उठला. बसेल, म्हटलं.

तो ढग म्हणजे चार वर्षांची गाडलेली घाण. उरलेलं खाणं, विष्ठा, सडका चिखल. वाळूत शांत पडलेली होती तोवर ठीक, मी ढवळून पाण्यात मोकळी केली. वाळू वापरायचीच तर मूठभर, आणि धुऊन. किंवा सरळ नवी. हे मला माहीत होतं हो! वाचलेलं होतं. पण कोपऱ्यात चांगली वाळू पडून राहिली की हात शिवशिवतो.

रात्री आठला मादी वर आली. पाण्याच्या पृष्ठभागाशी, तोंड उघडं, कल्ले फडफडतायत. टेस्ट केली. नळी गडद हिरवी. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, तशा पाण्यात अमोनिया जास्तच जहाल. बाबा नळी हातात धरून नुसते बघत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "आईचं पाणी आहे ना?"

आईचं पाणी! तो ड्रम. वाळू ढवळायच्या आधी काढलेलं, मासे ज्याला सरावलेले होते ते पाणी. पण डिसेंबरची रात्र, गोंदियाची थंडी, ड्रम अंगणाच्या दारात, पाणी अठरा डिग्री. जुना हीटर आणि जुन्या टाकीचा स्पंज फिल्टर ड्रममध्ये टाकला आणि बसलो वाट बघत. बावीस... तेवीस... साडेदहाला पंचवीस झालं. मासे हलवले. दोघं आले. गोबी सापडेना. सगळे दगड काढायचे म्हणजे आणखी घाण, म्हणून थांबलो.

साडेअकराला लाइट गेली.

इन्व्हर्टरने तासभर साथ दिली, मग पीं पीं करून तोही झोपला. बॅटरीवरचा एअर पंप होता, चार्ज करायची माझी ड्यूटी होती, आणि मी केला नव्हता. आता ड्रममध्ये हीटर बंद, हवा बंद. आईने गॅसवर पाणी गरम करून बाटल्यांत भरलं आणि बाटल्या ड्रममध्ये तरंगत सोडल्या, वर दोन गोधड्या गुंडाळल्या. बाबांनी पाट घेतला, ड्रमशेजारी बसले, आणि स्टीलच्या मग्याने पाणी उचलून वरून ओतायला लागले. उचल, ओत. उचल, ओत. पाणी वरून पडलं की हवा घेऊन पडतं.

अशीच एक गोष्ट मी कुठेतरी वाचली होती. ॲना थाइन नावाची बाई १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी घेऊन गेली. समुद्राचं ताजं पाणी सारखं मिळेना, म्हणून तेच पाणी रोज उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं काम तिने मोलकरणीला लावलं होतं. ते जगले. मी ही गोष्ट अंधारात बाबांना सांगितली. ते म्हणाले, "मोलकरणीचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "द्या मगा, अर्धा तास मी करते." नाही दिला.

पहाटे पावणेपाचला लाइट आली. बाबांचा उजवा हात दोन दिवस खांद्यावर जात नव्हता.

रविवारी नवी टाकी निस्तरली. पाइपने ओढून ती जुनी वाळू काढली, ढगासकट शंभरेक लिटर पाणी गेलं. पन्नास लिटर खारं पाणी जास्तीचं करून ठेवलं होतं, बाकीचं रात्रभर आरओ चालवून केलं. गोबी सोमवारी सापडला. मागच्या दगडाशी, पांढरा पडलेला. आईने तो कढीपत्त्याच्या मुळाशी पुरला. तुळशीत नको म्हणाली, खारट आहे. मी मॅनेजरला आणखी दोन दिवसांची रजा मागितली, कारण 'फॅमिली इमर्जन्सी' लिहिलं. खोटं कुठे होतं?

पुण्याला परतले तेव्हा मासे ड्रममध्येच होते. दगडांतले जिवाणू शाबूत होते, म्हणून टाकी पुन्हा शून्यापासून सुरू करावी लागली नाही. फोटो यायला लागले. हिरवं. पोपटी. पोपटी. शनिवारी मला वाटलं पिवळं, बाबा म्हणाले नाही, पोपटीच. रविवारी पिवळं. आणि सोमवारी साडेनऊला तो फोटो, 'आज बी पिवळं.'

संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. फोन आईच्या हातात, त्यामुळे निम्मा वेळ मला पंखाच दिसत होता. बाबांनी दोन्ही मासे वाडग्यातून सोडले. मादी पुन्हा त्याच कमानीखाली गेली.

टाकी आता रुळली आहे. बाबांना सी ॲनेमोन हवाय, निमोच्या सिनेमात असतो म्हणून. क्लाउनफिशना तो लागतोच असं नाही, आणि टाकी वर्षभर जुनी झाल्याशिवाय तो टिकतही नाही. मी नाही म्हटलंय. ते 'बघू' म्हणालेत. म्हणजे कॅटलॉग मागवून झाला असणार.

मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज होता. रायपूरला त्याच भावाकडे बारसं आहे, शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत. तीन रात्री! डबा भरला, फ्लोट स्विच चार वेळा तपासला, शेजारच्या पोराला चावी आणि वहीची झेरॉक्स दिली.

खाली आईचा व्हॉइस मेसेज : "त्यायले सांग बाई, बारशाले जातानी कोनी टाकीचा फोटो फ्रेम करून सोबत नेत नसते."